पाऊस, वारा आणि घड्याळ: वाईट हवामानातील मास्टर्स टाइम ट्रायलसाठी मार्गदर्शक

टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक ठरावीक अंतराने, बहुधा अर्ध्या, एक किंवा दोन मिनिटांनी, एकेक करून सोडले जातात आणि दुसऱ्याच्या मागे राहून वारा चुकवण्यास मनाई असते. रोड रेसमध्ये हवा बिघडली तर निदान घोळक्याचा आडोसा मिळतो. येथे पाऊस, थंडी आणि वाऱ्याचे झोत प्रत्येकाला एकट्यालाच सोसावे लागतात. त्यातच सायकल अशी की हात पुढे एरोबारवर, म्हणजे पुढे काढलेल्या दांड्यांवर, ब्रेक मात्र खालच्या हँडलवर, आणि चाके वाऱ्याला शिडासारखी लागणारी. जागतिक सायकलिंग महासंघ, म्हणजे यूसीआय, ३० आणि त्यापुढील वयाच्या स्पर्धकांना मास्टर्स मानतो आणि बहुतेक स्पर्धांत त्यांचे पाच-पाच वर्षांचे गट पाडलेले असतात. पस्तिशीतल्या आणि पासष्टीतल्या स्पर्धकाला एकच पाऊस सारखा बाधत नाही, हे लक्षात घेऊनच पुढील मांडणी केली आहे.

अशा रेसमध्ये पायांतील ताकद कमी पडल्यामुळे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान निर्णय उशिरा घेतल्यामुळे होते, असे माझे मत आहे. कोणते चाक लावायचे, व्हायझर, म्हणजे हेल्मेटची डोळ्यांपुढची काच, ठेवायचा की काढायचा, कोणत्या परिस्थितीत रेस सोडून द्यायची, हे प्रश्न स्टार्टच्या रांगेत कुडकुडत उभे असताना सोडवायला घेतले की उत्तर हमखास चुकते. म्हणून या लेखाचा मोठा भाग रेस सुरू होण्याच्या आधीच्या वेळेविषयी आहे.

पहिली पायरी: वेळेचे लक्ष्य पुन्हा ठरवणे

चांगल्या हवेत ठरवलेले लक्ष्य वाईट हवेत तसेच ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक होय. हवेचा विरोध तिच्या घनतेच्या प्रमाणात वाढतो आणि थंड हवा अधिक घन असते. समुद्रसपाटीला २५ अंश सेल्सिअस तापमानात एका घनमीटर हवेचे वजन सुमारे १.१८ किलो असते, ५ अंशांना ते सुमारे १.२७ किलो होते. हा फरक सात टक्क्यांचा आहे. सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाताना स्पर्धकाची बहुतेक शक्ती हवा कापण्यातच खर्च होत असल्याने, तेवढीच शक्ती लावूनही वेग सुमारे दोन टक्क्यांनी घटतो. म्हणजे ज्याला ४० किलोमीटरला एक तास लागतो त्याला वारा नसतानाही सव्वा मिनिट अधिक लागते. थंडीत टायरचे रबर कडक होऊन घर्षणातला तोटा वाढतो तो वेगळाच. जाता जाता एक गैरसमज दूर करायला हवा: दमट हवा ‘जड’ वाटत असली तरी समान तापमान आणि दाब असताना ती कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, त्यामुळे पावसाळी दिवशी वेग मंदावला तर त्याचे खापर आर्द्रतेवर फोडता येत नाही.

वाऱ्याचा हिशेब याहून कठोर आहे. वीस किलोमीटर जाऊन त्याच रस्त्याने परत यायचे असेल आणि जाताना समोरच्या वाऱ्यामुळे वेग ताशी ३० वर, तर येताना पाठीमागच्या वाऱ्यामुळे ५० वर असेल, तर जायला ४० मिनिटे आणि यायला २४ मिनिटे लागतात. दोन्ही वेगांची सरासरी ४० दिसते, पण प्रत्यक्ष एकूण वेळ ६४ मिनिटे होते. जाताना गमावलेला वेळ येताना भरून निघत नाही, कारण स्पर्धक समोरच्या वाऱ्यात अधिक काळ अडकलेला असतो.

यातून निष्कर्ष असा की त्या दिवशी स्वतःच्या सर्वोत्तम वेळेशी तुलना करण्यात अर्थ नाही. तुलना करायची ती आपल्या वयोगटातील त्या दिवसाच्या इतर वेळांशी. ब्रिटनमधील व्हेटरन्स टाइम ट्रायल्स असोसिएशनसारख्या संस्था चाळिशीपुढील सदस्यांसाठी तुलनेकरिता वयानुसार प्रमाण वेळ ठरवतात. तशी पद्धत जेथे असेल तेथेही वाईट हवेतील आकडा वर्षभराच्या नोंदींपासून वेगळा ठेवावा. किती वॅट शक्ती लावायची हे लक्ष्य हवामानाने फारसे बदलत नाही, म्हणून पॉवर मीटर, म्हणजे पेडलवरची शक्ती वॅटमध्ये मोजणारे उपकरण, असेल तर तोच आधार मानावा. हृदयाच्या ठोक्यांवर मात्र थंडीत विसंबू नये. ते सुरुवातीला हळूहळू वर चढतात आणि तो कमी आकडा पाहून स्पर्धक पहिल्या पाच मिनिटांतच अवाजवी जोर लावून बसतो. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचे ठोके तर औषधामुळेच दाबलेले असतात.

दुसरी पायरी: अंदाज वाचणे आणि मर्यादा लिहून ठेवणे

रेसच्या तीन दिवस आधीपासून अंदाज पाहावा, पण निर्णय शेवटच्या चोवीस तासांतल्या अंदाजावर घ्यावा. त्यात चार गोष्टी शोधाव्यात: वाऱ्याची दिशा, सरासरी वेग, झोतांचा वेग आणि पावसाची तासावार शक्यता. यांतील झोतांचा वेग सर्वाधिक महत्त्वाचा असून नेमका तोच बहुतेक जण पाहत नाहीत. अंदाजातील वारा जमिनीपासून दहा मीटर उंचीवर मोजलेला असतो. मोकळ्या मैदानी भागात सायकलस्वाराच्या उंचीवर त्याचा जोर साधारण दोन-तृतीयांश उरतो, झाडे-घरे असतील तेथे त्याहून कमी. परंतु ज्या ठिकाणी आडोसा अचानक संपतो, त्या ठिकाणी सरासरीला काही किंमत नसते.

नंतर मार्गाचा नकाशा समोर ठेवून वाऱ्याची दिशा त्यावर काढावी आणि प्रत्येक टप्प्यावर वारा समोरून, पाठून की आडवा आहे हे लिहावे. पूल, उघडा बांध, कुंपण संपणारी जागा, दोन इमारतींमधील मोकळी फट आणि अवजड वाहने समोरून येणारा रस्ता या ठिकाणी खुणा कराव्यात. शक्य असल्यास आदल्या दिवशी मार्ग हळू वेगाने पाहून घ्यावा आणि वळणांवर रंगवलेले पट्टे, लोखंडी झाकणे, साचणारे पाणी, पालापाचोळा आणि खडी कोठे आहे ते टिपावे.

मार्ग पाहतानाही निष्काळजी राहू नये. टूर दे फ्रान्स चार वेळा जिंकलेला ख्रिस फ्रूम १२ जून २०१९ रोजी फ्रान्समधील रोआन येथे टाइम ट्रायलच्या मार्गाची पाहणीच करत होता. नाक साफ करण्यासाठी त्याने उतारावर एक हात हँडलवरून काढला, त्याच क्षणी वाऱ्याच्या झोताने पुढचे चाक ओढले आणि तो भिंतीवर आदळला. मांडीचे हाड, कोपर आणि बरगड्या मोडल्या. जगातील सर्वांत सराईत हातांची ही गत झाली, तर आठवड्यातून तीन दिवस सराव करणाऱ्या पन्नाशीतील स्पर्धकाने धडा घ्यायला हरकत नसावी.

आता मर्यादा. मी माझ्या मर्यादा एका लहान कार्डावर लिहून हेल्मेटच्या पिशवीत ठेवतो. त्या अशा: झोत ताशी २५ किलोमीटरच्या आत असतील तर नेहमीची चाके, २५ ते ४० असतील तर पुढचे चाक कमी उंचीच्या रिमचे (चाकाच्या बाहेरच्या कड्याचे), ४० च्या वर गेले तर पुढे साधे चाक आणि जेथे वारा आडवा लागेल तेथे हात खालच्या हँडलवर, ५५ च्या वर गेले तर रेस नाही. हे आकडे माझ्या वजनाचे आणि सवयीचे आहेत, कोणत्याही नियमावलीतले नाहीत. साठ किलोच्या आतील स्पर्धकाने प्रत्येक आकडा खाली आणावा. महत्त्व आकड्यापेक्षा या गोष्टीला आहे की तो घरी, कोरड्या कपड्यांत, प्रवेशशुल्क आणि प्रवासखर्च आठवत नसताना ठरवलेला असावा.

तिसरी पायरी: सायकल

पुढच्या आणि मागच्या चाकाचा विचार स्वतंत्रपणे करावा. मागचे डिस्क व्हील, म्हणजे आऱ्यांऐवजी सलग तबकडीचे चाक, वाऱ्यात धोकादायक वाटते, पण ते वळत नसल्याने त्यावरचा आडवा दाब सायकलला ढकलतो, हँडल फिरवत नाही. खरी अडचण पुढच्या चाकाची असते: उंच रिमवर पडणारा झोत चाकच वळवतो आणि स्वाराला त्याच क्षणी ते सावरावे लागते. म्हणून मागे डिस्क आणि पुढे ४० मिलिमीटरच्या आसपासची रिम ही जोडी वाऱ्यात पुष्कळदा सर्वांत शहाणी ठरते. उंच रिममुळे वाचणारे सेकंद, झोत आल्यावर एरोबार सोडून उठावे लागल्याने दामदुपटीने गमावले जातात. शरीर खाली आणि स्थिर ठेवता येणे हाच वेगाचा मोठा भाग आहे. चाक त्यानंतर येते.

टायरच्या बाबतीत पावसाळी दिवशी २८ मिलिमीटरचा टायर फ्रेममध्ये बसत असेल तर तो लावावा आणि हवा नेहमीपेक्षा सुमारे दहा टक्के कमी ठेवावी. येथे एक बारकावा आहे. उबदार खोलीत २५ अंशांना ८० पीएसआय भरलेली हवा बाहेर ५ अंशांना गेल्यावर आपोआप ७४ च्या आसपास येते. घरीच दहा टक्के कमी करून वर ही घट झाली तर टायर गरजेपेक्षा मऊ होऊन खड्ड्यात रिम आपटण्याची भीती असते. म्हणून सायकल बाहेर पंधरा-वीस मिनिटे ठेवून मगच शेवटचा दाब तपासावा. पॉवर मीटर शून्यावर आणण्याचे कामही त्याच वेळी करावे, कारण तापमान बदलले की त्याचे माप सरकते.

मोटारीप्रमाणे सायकलही पाण्यावर तरंगून घसरते, ही समजूत चुकीची आहे. विमानांच्या टायरसाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रात ७० पीएसआय दाब घातला तर तसे तरंगण्यास ताशी सुमारे १४० किलोमीटर वेग लागतो. त्यामुळे टायरवरील खोल नक्षीचा फारसा उपयोग नसतो. उपयोग असतो तो मऊ, पकड धरणाऱ्या रबराचा. सायकल घसरते ती रंगाच्या पट्ट्यावर, लोखंडावर, ओल्या पानांवर आणि तेलावर. दीर्घ कोरड्या काळानंतरच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून जो थर तयार होतो तो सर्वांत निसरडा. तासभर जोरदार पाऊस पडून गेला की तोच रस्ता तुलनेने सुरक्षित होतो. ओल्या रस्त्यावर पंक्चरही अधिक होतात, कारण पाणी काचेचा तुकडा टायरला चिकटवून ठेवते आणि रबर कापण्यास वंगणासारखी मदत करते. ट्यूबलेस टायरमधील सीलंट, म्हणजे छिद्र बुजवणारा द्रव, ताजे आहे का, हे आठवडाभर आधी पाहावे.

ब्रेक हा ओल्या हवेतील वेगळाच विषय आहे. डिस्क ब्रेक असेल तर एकच पथ्य: साखळीला स्प्रेने तेल देताना त्याचा तुषार रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, उडू देऊ नये. रिम ब्रेक असेल, आणि विशेषतः रिम कार्बनची असेल, तर ब्रेक दाबल्यावर आधी चाकाचे दोन-चार फेरे पाणी पुसण्यातच जातात आणि मग पकड एकदम येते. म्हणून वळणाच्या बरेच आधी ब्रेक हलकेच टेकवून रिम कोरडी करून घ्यावी. अॅल्युमिनियम रिमवर वापरलेले पॅड कार्बन रिमला लावू नयेत. त्यांत रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. याशिवाय ताशी ४५ किलोमीटर वेगाने सायकल सेकंदाला साडेबारा मीटर जाते आणि एरोबारवरून ब्रेकपर्यंत हात नेण्यातच जवळपास एक सेकंद जातो, हे सरावाच्या वेळी रस्त्यावर मोजून पाहिले की ओल्या वळणाचा अंदाज कायमचा सुधारतो.

किरकोळ गोष्टींत सायकल कॉम्प्युटरचा टचस्क्रीन लॉक करावा, नाहीतर पावसाचे थेंब स्वतःच पाने बदलत राहतात. मागचा लाल दिवा नियमात असो वा नसो, लावावा.

चौथी पायरी: कपडे आणि डोळे

भिजणे टाळता येत नाही. थंड पडणे पुढे ढकलता येते. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट असते, त्यामुळे रेसच्या आधी भिजलेला स्पर्धक स्टार्टलाच निम्मा हरलेला असतो. फडफडणारे रेनकोट रेसमध्ये घालू नयेत. स्किनसूटखाली (रेसच्या घट्ट एकसंध पोशाखाखाली) अंगाला चिकटणारा पातळ बेस लेअर, पायांवर घट्ट शू-कव्हर आणि हातांत निओप्रिनचे किंवा पातळ लॅटेक्सच्या मोज्यांवर घातलेले नेहमीचे हातमोजे एवढे तासाभराच्या रेसला बहुधा पुरते. बुटांच्या तळाची छिद्रे इलेक्ट्रिकल टेपने बंद करावीत. उघड्या पायांना पेट्रोलियम जेली चोळल्यास पाणी ओघळून जाते, पण ती हाताला राहू देऊ नये. एरोबारवर तिचा एक ठिपकाही पुरे.

तापमान दहा अंशांच्या खाली असेल तर गुडघे झाकावेत. हा सल्ला तरुणांना अतिरेकी वाटतो. वय वाढलेल्या गुडघ्याला तो वाटत नाही.

डोळ्यांबाबत मात्र सविस्तर लिहिले पाहिजे. चाळिशीनंतर जवळचे वाचण्याची शक्ती कमी होते आणि पुढे मंद प्रकाशात करड्या रस्त्यावरचा करडा खड्डा ओळखणेही अवघड होत जाते. ढगाळ दिवशी गडद व्हायझर हा त्यामुळे दुहेरी तोटा आहे. पारदर्शक किंवा पिवळसर काच घ्यावी. व्हायझर स्टार्टच्या रांगेत उभे असताना धुके धरतो, धावताना नाही, कारण रांगेत हवा खेळत नाही. आतल्या बाजूला भांड्यांच्या साबणाचा अगदी पातळ थर चोळून कोरड्या कापडाने पुसल्यास धुके बरेच कमी होते. चुंबकाने बसणारा व्हायझर असेल तर स्टार्टच्या अर्ध्या मिनिटापूर्वीपर्यंत तो उलटा, कपाळावर लावून ठेवावा. पाऊस मुसळधार असेल तर तो काढूनच टाकावा. हवेचा थोडा विरोध वाढतो, पण रस्ता दिसतो. मी एकदा धुके धरलेल्या व्हायझरसह पहिले दोन किलोमीटर केवळ कडेच्या पांढऱ्या रेषेच्या भरवशावर गेलो होतो, आणि त्या दोन किलोमीटरांतील माझी शक्ती त्या मोसमातील सर्वांत कमी होती. दिसत नसेल तर पाय आपोआप हात आखडता घेतात. कॉम्प्युटरवरचे आकडे मोठे करून एका पानावर तीनच ठेवावेत: शक्ती, अंतर आणि वेळ.

पाचवी पायरी: वयाचा हिशेब

वय वाढले की त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसून उष्णता राखण्याचे काम पूर्वीइतक्या तत्परतेने करत नाहीत आणि उष्णता निर्माण करणारे स्नायूही घटलेले असतात. त्यामुळे ज्येष्ठ स्पर्धक लवकर गारठतो आणि गारठल्याची जाणीव त्याला उशिरा होते. थंडीत रक्तदाब वाढून हृदयावरचा ताणही वाढतो, म्हणून थंड अंगाने एकदम पूर्ण जोर लावणे चाळिशीपुढे टाळलेच पाहिजे. छातीत दुखणे, अकारण धाप किंवा ठोके चुकण्याचा अनुभव असलेल्याने वैद्यकीय तपासणीशिवाय अशा रेसला उतरू नये.

पडण्याची किंमतही वयाबरोबर बदलते. सायकल चालवताना हाडांवर शरीराचा भार पडत नसल्याने केवळ सायकलिंगच करणाऱ्यांच्या हाडांची घनता कमी असू शकते आणि त्यात वयाची झीज मिळाली की साध्या घसरण्यानेही खुब्याचे किंवा गळपट्टीचे हाड मोडते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याला डोक्यावरचा किरकोळ मारही धोक्याचा असतो. औषधाचे नाव आणि संपर्क क्रमांक लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्किनसूटमध्ये ठेवावी.

थंडीत लघवी अधिक होते. स्टार्टच्या वेळेपासून उलटे मोजून त्यासाठीची वेळ राखून ठेवावी, कारण ओला स्किनसूट उतरवणे आणि पुन्हा चढवणे हे दहा मिनिटांचे काम आहे.

सहावी पायरी: रेसच्या दिवशीचा क्रम

वॉर्म-अप छताखाली ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागेवरच चालवण्याच्या स्टँडवर, करावा आणि तो नेहमीपेक्षा लांब, म्हणजे तीस ते चाळीस मिनिटांचा असावा. मात्र त्यात घाम इतका येऊ नये की बाहेर पडताच अंग थंड पडेल. वॉर्म-अप जुन्या कपड्यांत करून स्टार्टच्या दहा-बारा मिनिटे आधी अंग पुसून कोरडा बेस लेअर आणि स्किनसूट चढवावा. वॉर्म-अप संपणे आणि स्टार्ट यांत दहा-बारा मिनिटांपेक्षा अधिक अंतर पडू देऊ नये. वाईट हवेत वेळापत्रक पुढे सरकण्याची शक्यता असते, तेव्हा वॉर्म-अपला बसण्यापूर्वी स्टार्टवर चौकशी करून यावे.

स्टार्टपर्यंत जुने बूट किंवा चपला घालून जावे, म्हणजे रेसच्या बुटांच्या क्लीटमध्ये (पेडलला अडकणाऱ्या तळाच्या पट्टीत) चिखल भरत नाही. अंगावर कचऱ्याची मोठी पिशवी, तळाला डोक्यासाठी भोक पाडून, घालावी. शेवटच्या मिनिटाला ती फाडून सोबतच्या माणसाच्या हाती देता येते. सीट आणि कोपरांच्या गाद्यांवरही प्लास्टिक बांधून ठेवावे. सोबत कोणीच नसेल तर स्टार्टवरच्या स्वयंसेवकाला आधीच विनंती करून ठेवावी, आयत्या वेळी नाही.

स्टार्टचा रॅम्प, म्हणजे उतरता मंच, ओला असेल तर हलक्या गिअरवर, बसूनच आणि हँडल सरळ ठेवून उतरावे. पायथ्याशी हात लगेच एरोबारवर न नेता पहिले शंभर मीटर खालच्या हँडलवरच काढावेत आणि ब्रेक एकदा टेकवून पाहावेत.

सातवी पायरी: मार्गावर

शक्तीची वाटणी वाऱ्याप्रमाणे करावी. जेथे वेग कमी तेथे जोर लावणे अधिक फायद्याचे असते, म्हणून समोरच्या वाऱ्यात सरासरीपेक्षा तीन ते पाच टक्के अधिक आणि पाठीमागच्या वाऱ्यात तितकीच कमी शक्ती लावावी. सरासरी २५० वॅट असेल तर हा फरक २६० आणि २४० इतकाच आहे. समोरच्या वाऱ्याला चिडून ३०० वॅट लावणारा स्पर्धक परतीच्या वाटेवर रिकामा होतो. समोरच्या वाऱ्यात डोके खाली घालण्याचा मोह होतो, पण पाण्याने भरलेल्या रस्त्यावर नजर किमान तीन सेकंद पुढे, म्हणजे तीसेक मीटरवर, असलीच पाहिजे.

आडव्या वाऱ्यात हँडल घट्ट आवळू नये. आवळलेले हात झोताचा धक्का थेट चाकापर्यंत पोहोचवतात आणि त्यावर पुन्हा उलटा धक्का देतात. कोपरे गादीवर टेकलेली, मनगटे सैल, वजन किंचित पुढे आणि पेडल चालू, अशी स्थिती ठेवावी. पेडल थांबवले की सायकल अधिक डगमगते. नकाशावर खूण केलेल्या जागेच्या आधीच हात खाली आणावेत, झोत बसल्यावर नाही. एक फसवा प्रसंग अवजड वाहनाचा: वाऱ्याच्या बाजूने ट्रक जात असताना वारा क्षणभर तुटतो, वाऱ्याकडे कललेला स्वार त्या पोकळीत ट्रककडेच ओढला जातो, आणि ट्रक पुढे गेला की झोत पुन्हा आदळतो. अशा वेळी कडेला जास्त जागा आधीच ठेवणे हाच उपाय आहे. पाणी पिणे, चेहरा पुसणे, नाक साफ करणे ही कामे केवळ आडोशाच्या सरळ रस्त्यावर करावीत.

वळणांचा हिशेब आकड्यांतच पाहावा. वीस मीटर त्रिज्येच्या वळणावर कोरड्या डांबरावर घर्षणगुणांक ०.७ धरला तर टायरची पकड सुटण्याची सीमा ताशी सुमारे ४२ किलोमीटर येते; ओल्या रस्त्यावर तो ०.४ धरला तर तीच सीमा ३२ वर उतरते. या सीमा आहेत, लक्ष्ये नव्हेत. प्रत्यक्षात त्यांच्या बरेच आत राहायचे असते. ब्रेक लावून वेग कमी करणे, वळणे आणि पुन्हा वेग धरणे यात कोरड्या दिवसापेक्षा प्रत्येक वळणाला साधारण दोन-तीन सेकंद अधिक जातात, सहा वळणांना बारा ते अठरा सेकंद. एका पडण्याची किंमत यापुढे काढत बसू नये. १ जुलै २०१७ रोजी ड्यूसेलडॉर्फ येथे टूर दे फ्रान्सची सुरुवात १४ किलोमीटरच्या ओल्या टाइम ट्रायलने झाली. अलेहांद्रो वाल्वेर्दे एका वळणावर घसरून अडथळ्यांवर आदळला, गुडघ्याची वाटी फुटली आणि त्याचा मोसम त्याच दिवशी संपला. तीन आठवड्यांच्या शर्यतीत त्या वळणावर दोन सेकंद वाचवून त्याला काहीच मिळणार नव्हते.

ब्रेक सरळ रेषेतच पूर्ण लावून घ्यावा, वळताना सोडावा, बाहेरचा पाय खाली ठेवून त्यावर वजन द्यावे आणि रंगीत पट्टा किंवा झाकण ओलांडायचेच असेल तर सायकल उभी असताना, ब्रेक आणि पेडल दोन्ही थांबवून ओलांडावे. साचलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. २०१९ च्या यॉर्कशायर येथील जागतिक स्पर्धेत २३ वर्षांखालील गटाच्या टाइम ट्रायलमध्ये योहान प्राइस-पेयटरसन रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात वेगाने शिरला आणि क्षणात खाली पडला. पाणी वळसा घालून टाळता येत नसेल तर हात खाली, वेग कमी आणि हँडल सरळ.

दुसऱ्या स्पर्धकाला गाठल्यावर यूसीआयच्या नियमानुसार बाजूने किमान दोन मीटर अंतर ठेवून जावे लागते आणि एक किलोमीटरनंतर मागे पडलेल्याने २५ मीटर अंतर राखायचे असते. ओल्या रस्त्यावर पुढच्याच्या चाकातून उडणारे पाणी आणि वाऱ्यात त्याचे अचानक सरकणे लक्षात घेता, मी बाजूचे अंतर तीन मीटरपर्यंत वाढवतो. स्थानिक नियम वेगळे असू शकतात; ते आधी वाचावेत.

आठवी पायरी: कधी थांबावे

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ जात असेल तर वादळ धोक्याच्या अंतरात आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद मोटारीत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. आयोजकांनी रेस थांबवली नसली तरी हा नियम लागू आहे. झाडाखाली उभे राहणे हा आडोसा नव्हे.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्याची चाहूल आधी बोटांत लागते: गिअर बदलता येत नाहीत, ब्रेकची ताकद जाणवत नाही. ब्रेक पूर्ण दाबता येत नसतील तर रेस तेथेच संपली असे समजावे. जोरात कापरे भरणे, बोलणे अडखळणे, पाय लटपटणे ही पुढची लक्षणे. आणि अंग थंडच असताना कापरे आपोआप थांबले तर ती सुधारणा नसून गंभीर अवस्था आहे, तेव्हा वैद्यकीय मदत त्वरित मागवावी.

नववी पायरी: फिनिशनंतरचा तास

फिनिशपाशी गप्पा मारत उभे राहू नये. पाच मिनिटे हलके पेडल मारून थेट आडोशाला जावे आणि ओले कपडे सगळे, आतल्या बेस लेअरसह, उतरवावेत. कोरडे कपडे, लोकरी टोपी आणि गरम पेय थर्मासमध्ये आधीच भरून एका वेगळ्या पिशवीत सर्वांत वर ठेवलेले असावे, कारण गारठलेल्या बोटांनी गाठी सुटत नाहीत. शरीराचे तापमान थांबल्यानंतरही काही काळ घसरत राहते, म्हणून कापरे पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवायला बसू नये. पडला असाल आणि डोक्याला मार लागला असेल तर बरे वाटत असले तरी एकट्याने परतू नये.

सायकल त्याच दिवशी धुवावी. साखळी पुसून कोरडी करून पुन्हा वंगण द्यावे. मेणाचा थर दिलेली साखळी एक ओली रेस काढते, पण रात्रभर तशीच ठेवली तर सकाळी गंज दिसतो. सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करून आत साचलेले पाणी ओतून टाकावे, ब्रेक पॅडमध्ये अडकलेले खडे टाचणीने काढावेत आणि टायर बोट फिरवून तपासून रुतलेल्या काचा काढाव्यात. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दर दोन तासांनी बदलावेत. हीटरसमोर ठेवल्यास तळवा वाकडा होतो. शेवटी, कार्डावर लिहिलेल्या मर्यादांपैकी कोणती चुकीची निघाली ते त्याच कार्डाच्या मागे तारखेसह लिहून, कार्ड पुन्हा हेल्मेटच्या पिशवीत टाकावे.